अंगदुखीची गोळी घेण्यापूर्वी: सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांचा जपून वापर

सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी आणि उसाची तोड एकामागून एक सुरू झाली की मराठवाड्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात एक मागणी वारंवार ऐकू येते: "अंगदुखीची द्या." ही गोळी बहुतेक वेळा काम करते, आणि नीट घेतली तर निरोगी माणसाला दोन-चार दिवसांत तिच्यापासून फारसा धोकाही नसतो. अपाय होतो तो बहुधा गोळी भलत्या माणसाने, भलत्या दिवशी किंवा दुसऱ्या एखाद्या औषधाच्या जोडीला घेतल्याने. घरातल्या थोरामोठ्यांची औषधे पाहण्याची जबाबदारी ज्यांच्यावर नव्याने आली आहे, किंवा ज्यांच्यावर स्वतःच पहिल्यांदा अशी गोळी घेण्याची वेळ आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तो डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. डॉक्टरांकडे किंवा दुकानात गेल्यावर काय विचारायचे आणि आपण होऊन काय सांगायचे, एवढे त्यातून कळावे.

गोळी शरीरात काय करते

दुखापत झाली किंवा सांधा सुजला की त्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात आणि त्यांच्यामुळे सूज, ठणका व ताप वाढतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक अॅसिड, निमेसुलाइड, एटोरिकॉक्सिब आणि मोठ्या मात्रेतील अॅस्पिरिन ही औषधे त्या द्रव्यांची निर्मिती रोखतात. अॅस्पिरिनचे हे काम १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी उलगडून दाखवले आणि प्रोस्टाग्लँडिनवरील संशोधनासाठी १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. अडचण अशी आहे की हीच द्रव्ये जठराच्या आतल्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि शरीरात पाणी कमी पडले असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळीला गुडघ्यातले प्रोस्टाग्लँडिन आणि जठरातले प्रोस्टाग्लँडिन यांतला फरक कळत नाही. पुढच्या बहुतेक सूचना या एका गोष्टीतून निघतात.

पहिली पायरी: पाकिटावरचे लहान अक्षर वाचावे

दुकानात मोठ्या अक्षरातले नाव कंपनीचे असते. औषधाचे खरे नाव त्याच्या खाली बारीक अक्षरात, मिलिग्रॅमच्या आकड्यासह छापलेले असते. वाचायचे ते हे दुसरे नाव. तीन वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांत एकच डायक्लोफिनॅक असू शकते, आणि ताप-अंगदुखीच्या ज्या गोळीला आपण एकच औषध समजतो तिच्यात दोन किंवा तीन औषधे असू शकतात. बाजारात अगदी सर्रास मिळणारी एक जोडगोळी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशी असते. दुसरी तितकीच खपणारी जोडी अॅसिक्लोफिनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम अशी. दाताच्या डॉक्टरांनी यातली एक दिली, कंबरेसाठी घरात आधीच दुसरी होती, आणि अंग गरम लागले म्हणून वर ६५० ची पॅरासिटामॉल घेतली, तर माणसाने सूज उतरवणारी दोन औषधे एकाच वेळी आणि पॅरासिटामॉल तीन ठिकाणांहून घेतलेले असते. त्याच्या हिशेबी मात्र त्याने "तीन वेगळ्या गोळ्या" घेतलेल्या असतात. सूज उतरवणारी दोन औषधे एकत्र घेतल्याने आराम दुप्पट होत नाही. जठर आणि मूत्रपिंडावरचा भार मात्र वाढतो.

इथे आपल्याकडची एक सवय आड येते. पाच-दहा रुपयांच्या गोळ्या मागितल्या की दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो आणि हातात येतो तो कोपऱ्याचा तुकडा, ज्यावर ना नाव धड असते ना मुदतीची तारीख. अशा वेळी संकोच न करता नाव असलेला तुकडा मागावा, किंवा मूळ पट्टीचा नाव आणि मुदत दिसेल असा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पाकिटावर लाल रेघ किंवा "केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवर विक्री" या अर्थाची इंग्रजी सूचना असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय देण्याघेण्याचे नाही. डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक, एटोरिकॉक्सिब ही याच वर्गातली. प्रत्यक्षात ती कशी विकली जातात हे सर्वांना ठाऊक आहे, पण मागितली की मिळते म्हणून ती निर्धोक ठरत नाही.

आठवडी बाजारात किंवा हाड बसवणाऱ्याकडे कागदाच्या पुडीत मिळणारी संधिवाताची पांढरी भुकटी घेऊच नये. अशा "जडीबुटीच्या" पुड्यांत स्टेरॉइड किंवा डायक्लोफिनॅक मिसळलेले आढळल्याची उदाहरणे वैद्यकीय क्षेत्रात जुनीच आहेत. एका दिवसात गुडघा मोकळा झाला, तोंडावर तजेला आला, भूक वाढली, असे कुणी सांगू लागले तर शंका स्टेरॉइडची घ्यावी.

दुसरी पायरी: घेणाऱ्या माणसाची चौकशी करावी

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. विचारणाही नीट शब्दांत करावी लागते, कारण दुकानाच्या फळीवर होणारा संवाद पुष्कळदा असा असतो:

"भाऊ, गुडघ्याची द्या चार दिवसाची."
"आजी, दुसरं काही औषध चालू आहे का?"
"न्हाई बा, काहीच न्हाई."
"बीपीची गोळी?"
"ती व्हय, ती तर रोजचीच हाय."

रोजची गोळी ही "औषध चालू आहे" यात मोजलीच जात नाही. म्हणून घरी विचारताना "औषध घेतेस का" असे न विचारता डबा समोर ओतायला सांगावा आणि एकेक पट्टी पाहावी.

रक्तदाबाच्या गोळ्यांची जोडी सर्वांत महत्त्वाची आहे. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांपैकी एखादे औषध आणि त्याच्याबरोबर लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा फ्युरोसेमाइड हे पुष्कळ रुग्णांना दिलेले असते, कित्येकदा एकाच गोळीत. त्यात डायक्लोफिनॅकसारख्या औषधाची भर पडली की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तीन बाजूंनी आवळला जातो, आणि ज्याचे क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट काम करते का हे दाखवणारी रक्ताची तपासणी) काल ठीक होते त्याची लघवी काही दिवसांत कमी होऊ शकते. शिवाय ही वेदनाशामके शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे आटोक्यात असलेला रक्तदाब वाढतो आणि मग "बीपीची गोळी लागू पडत नाही" अशी तक्रार सुरू होते, जिचे मूळ गुडघ्याच्या गोळीत असते. रक्तदाब आटोक्यात नसलेल्या माणसाला एटोरिकॉक्सिब देऊच नये.

मधुमेह जुना असेल, मूत्रपिंडाचा विकार आधीच सांगितलेला असेल, मुतखड्याने एक बाजू निकामी झाली असेल किंवा वय पासष्टच्या पुढे असेल, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज या गोळ्या सुरू करू नयेत. पूर्वी जठरव्रण झालेला, रक्ताची उलटी झालेली किंवा शौचाला काळी झालेली व्यक्ती याच यादीत येते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या रुग्णांनी विशेष जपावे, कारण डायक्लोफिनॅक आणि एटोरिकॉक्सिब यांनी झटक्याची व पक्षाघाताची शक्यता वाढते. याच गटातले रोफेकॉक्सिब नावाचे औषध २००४ मध्ये त्याच कारणाने बाजारातून काढून घ्यावे लागले. असे रुग्ण रोज ७५ मिलिग्रॅमची अॅस्पिरिन घेत असतात. आयबुप्रोफेन तिच्या आधी पोटात गेली तर अॅस्पिरिनचे रक्त पातळ ठेवण्याचे काम अडते, म्हणून ही जोडी डॉक्टरांनी वेळा ठरवून दिल्याशिवाय घेऊ नये. क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन, स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, लिथियम, नैराश्यासाठीची काही औषधे आणि दारू यांच्याबरोबरही धोका वाढतो. दारूबद्दल घरातले पुरुष खरे सांगत नाहीत; ते घरातल्या बाईला विचारावे.

दम्याच्या काही रुग्णांना अॅस्पिरिन किंवा तत्सम गोळीने तासा-दोन तासांत श्वास लागतो. एकदा असे झाले असेल तर या वर्गातली कुठलीच गोळी चालत नाही. गरोदरपणात पाचव्या महिन्यापासून पुढे ती टाळावी, आणि शेवटच्या तीन महिन्यांत तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचा धोका असल्याने ती वर्ज्यच आहे. त्याआधीच्या महिन्यांतही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

लहान मुलांचा मुद्दा थोडक्यात: मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये, मात्रा वजनावर ठरते. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे. तापात मुलांना अॅस्पिरिन देऊ नये, आणि कांजिण्या आल्या असतील तर आयबुप्रोफेनही नको.

तिसरी पायरी: ताप असेल तर थांबावे

पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने अंगदुखीबरोबर ताप असेल, तर आधी डेंग्यूचा विचार करावा. डेंग्यूत रक्तातील प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, कमी होतात, आणि अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्रावाची शक्यता आणखी वाढते. चिकुनगुन्यातही सांधे विलक्षण दुखतात, सकाळी मूठ वळत नाही, आणि सूज उतरवणाऱ्या गोळीचा मोह होतो; तरीही तपासणी करून डेंग्यू नाही हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी यांवर भागवावे. ताप आणि अंगदुखीसाठी कुणी "एक सुई मारून द्या" म्हणत असेल, तर या दिवसांत तर मुळीच ऐकू नये.

सुईविषयी आणखी थोडे. डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन पोटात जात नाही म्हणून पोटाला सुरक्षित, असा समज आहे. औषध रक्तातूनच जठराच्या अस्तरापर्यंत आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचते, त्यामुळे तो खरा नाही. वर अजाण हाताने कुल्ल्यावर भलत्या जागी सुई टोचली तर पायाची शीर दुखावून पाऊल लुळे पडू शकते. जनावरांच्या डॉक्टरांकडून आणलेली किंवा गोठ्यात उरलेली बाटली माणसासाठी वापरण्याचा विचारही करू नये. डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचे मेलेले अंग खाऊन आपल्या देशातली गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली, म्हणून जनावरांसाठी ते २००६ मध्ये बंद झाले, आणि माणसांसाठीची मोठी बाटली गोठ्याकडे वळते हे दिसल्यावर २०१५ मध्ये ती तीन मिलिलिटरच्या एका मात्रेपुरती केली गेली. माणसाचे मूत्रपिंड गिधाडापेक्षा पुष्कळ काटक आहे, पण इजेची जागा तीच आहे.

चौथी पायरी: गोळीशिवाय भागते का ते पाहावे

एका गुडघ्याचे, मनगटाचे किंवा घोट्याचे दुखणे असेल तर डायक्लोफिनॅकचे मलम आधी वापरावे. ते त्वचेतून सांध्याशी पोहोचते आणि रक्तात फार थोडे जाते, त्यामुळे वयस्क माणसांसाठी गोळीपेक्षा बरे. दिवसातून तीन-चार वेळा, हलक्या हाताने, जखम नसलेल्या त्वचेवर लावावे. वरून गरम शेक देऊ नये, घट्ट पट्टी बांधू नये, आणि लावल्यावर हात धुवावेत, विशेषतः तिखट-मिठाइतकेच ते डोळ्याला झोंबते म्हणून. नुसत्या अंगदुखीला किंवा डोकेदुखीला पॅरासिटामॉल पुरते. ते सूज उतरवत नाही, पण जठराला त्रास देत नाही. प्रौढाने दिवसभरात सर्व गोळ्या मिळून तीन ग्रॅमच्या आत राहावे, आणि दारू पिणाऱ्याने किंवा यकृताचा आजार असलेल्याने किती घ्यावे हे डॉक्टरांना विचारावे.

मासिक पाळीच्या कळा हे मात्र असे दुखणे आहे, जिथे मेफेनॅमिक अॅसिड किंवा आयबुप्रोफेन पॅरासिटामॉलपेक्षा चांगले काम करते, कारण त्या कळाच प्रोस्टाग्लँडिनमुळे येतात. कळ सुरू होताच, जेवणानंतर, आणि दोन-तीन दिवसच घ्यावे. मेफेनॅमिक अॅसिडने क्वचित अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांची सूज अशी गंभीर प्रतिक्रिया येते. भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ मध्ये त्याबाबत सावधगिरीची सूचना काढली आहे. पुरळ उठले की गोळी थांबवून दवाखाना गाठावा.

पाचवी पायरी: मात्रा, पोट आणि पाणी

सर्वांत कमी मात्रा, सर्वांत कमी दिवस, हा नियम धरावा. चिठ्ठीशिवाय घेताना प्रौढाने आयबुप्रोफेन दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये, म्हणजे ४०० ची गोळी जास्तीत जास्त तीन वेळा, दोन गोळ्यांत सहा ते आठ तास ठेवून. डॉक्टरांनी दिलेल्या डायक्लोफिनॅकची दिवसाची कमाल मर्यादा १५० मिलिग्रॅम आणि अॅसिक्लोफिनॅकची २०० मिलिग्रॅम आहे. गोळीला लागू पडायला अर्धा ते एक तास लागतो. वीस मिनिटांत फरक नाही म्हणून दुसरी घेणे हे मात्रा ओलांडण्याचे फार नेहमीचे कारण आहे. नावापुढे "एस.आर." असलेली गोळी मोडू, चावू किंवा कुटू नये, कारण दिवसभर थोडे थोडे सुटायचे औषध मग एकदम सुटते.

गोळी भाकरी खाल्ल्यावर, पेलाभर पाण्याबरोबर आणि बसून घ्यावी. चहाच्या घोटाबरोबर नको. एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस किंवा रमजानचे रोजे असतील तर दोन्ही बाजूंनी अडचण होते: पोट रिकामे आणि अंगात पाणी कमी. अशा दिवसांत मलम किंवा पॅरासिटामॉल यांवर निभवावे, आणि गोळी चुकवण्यासारखी नसेलच तर वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात.

पाण्याचा मुद्दा मराठवाड्यात नुसता सल्ला म्हणून सोडून देता येत नाही. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, हंड्याचे पाणी पुरवून वापरायचे असते, आणि शेतात आडोसा नाही म्हणून बायका मुद्दाम कमी पाणी पितात. उसाच्या फडात खाडा पडू नये म्हणून सकाळी गोळी खाऊन कोयता धरणाऱ्यांची, किंवा तुळजापूरला पायी निघताना पिशवीत गोळ्यांची पट्टी टाकणाऱ्यांची परिस्थिती तीच: घाम भरपूर, पाणी थोडे आणि पोटात वेदनाशामक. ज्या दिवशी लघवी गर्द पिवळी किंवा नेहमीपेक्षा कमी झाली आहे, जुलाब किंवा उलट्या होत आहेत, त्या दिवशी ही गोळी घेऊ नये. आधी मीठ-साखरेचे पाणी, ओआरएस किंवा ताक पोटात जाऊ द्यावे.

पोटासाठी पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल दिले असेल तर ते सकाळी खाण्यापूर्वी अर्धा तास घ्यावे. त्याने जठराला संरक्षण मिळते, मूत्रपिंडाला आणि हृदयाला नाही, त्यामुळे "गॅसची गोळी घेतली, आता कितीही चालते" हे गणित चुकीचे आहे. स्नायू सैल करणारे औषध मिसळलेल्या गोळीने गुंगी येते. ती घेऊन ट्रॅक्टर किंवा मळणीयंत्र चालवू नये.

पत्र्याच्या घरात मे महिन्यात फळीवर ठेवलेली औषधे तापतात. ती घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, कोरड्या डब्यात आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवावीत.

सहावी पायरी: दिवस मोजावेत

स्वतःच्या मनाने तीन दिवस, फार तर पाच. तेवढ्यात उतार पडला नाही तर दुखण्याचे कारण शोधावे लागते, गोळी बदलून उपयोग नाही. पहिल्या गोळीची तारीख पट्टीच्या मागे पेनाने लिहावी. हा उपाय साधा आहे, पण वयस्क माणसांच्या बाबतीत दुसरा कोणताही इतका उपयोगी पडत नाही. संधिवातासारख्या आजारात डॉक्टरांनी ही औषधे महिनोन्महिने दिली असतील, तर ती आपल्या मनाने तोडू नयेत. मात्र रक्तदाब, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि हिमोग्लोबिन ठरावीक काळाने तपासले जात आहे ना, हे विचारावे. या तपासण्या शासकीय रुग्णालयांत होतात. जुन्या सांधेदुखीसाठी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागात एकदा रीतसर दाखवून घेणे हे वर्षानुवर्षे पट्ट्या कापून आणण्यापेक्षा स्वस्तही पडते.

सातवी पायरी: या खुणा दिसल्या तर गोळी थांबवावी

शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होणे, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होणे म्हणजे जठरात रक्त वाहत आहे. पोटात काहीही न दुखता हे होऊ शकते, विशेषतः वयस्कांत, म्हणून दुखत नाही यावर विसंबू नये. लघवी एकदम कमी होणे, पावलांवर आणि डोळ्यांखाली सूज चढणे ही मूत्रपिंडाची खूण. छातीत दुखणे, दम लागणे, बोलताना जीभ अडखळणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, तोंडात फोड येऊन कातडी सोलणे, डोळे पिवळे होणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि घेतलेल्या सर्व पट्ट्या, रोजच्या गोळ्यांच्या डब्यासकट, बरोबर न्याव्यात. त्रास किरकोळ असेल पण काय करावे सुचत नसेल, तर १०४ या आरोग्य सल्ला क्रमांकावर किंवा गावातल्या आशाताईंना विचारावे.

औषधाने अपाय झाल्याची नोंद रुग्णाला स्वतःलाही करता येते, हे थोड्या लोकांना माहीत आहे. भारतीय औषधसंहिता आयोगाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. नोंदवताना औषधाचे बारीक अक्षरातले नाव, पट्टीवरचा बॅच क्रमांक, किती गोळ्या किती दिवस घेतल्या आणि त्रास केव्हा सुरू झाला, एवढी माहिती हाताशी ठेवावी.